आरटीजीएस : मोठी रक्कम क्षणात, चुकीला मात्र माफी नाही

पुण्यातील एखादे कुटुंब नाशिकच्या विक्रेत्याकडून सदनिका विकत घेते. दुय्यम निबंधक कार्यालयात दोन्ही पक्ष हजर आहेत, दस्त तयार आहे, साक्षीदार खोळंबले आहेत. खरेदीदार म्हणतो, आधी सही करा. विक्रेता म्हणतो, आधी पैसे खात्यात दिसू द्या. धनादेश दिला, तर तो वटेपर्यंत विक्रेत्याचा जीव टांगणीला लागतो. एवढी रक्कम रोखीने देणे कायद्यात बसत नाही. अशा वेळी दोघांचीही अडचण दूर करणारी सेवा म्हणजे ‘रिअल टाइम ग्रॉस सेटलमेंट’ अर्थात ‘आरटीजीएस’. आयुष्यभराची पुंजी काही मिनिटांत एका बँकेतून दुसऱ्या बँकेत पोहोचविणाऱ्या या सेवेचे नियम मात्र अनेक खातेदारांना पुरेसे ठाऊक नसतात.

नावातच कार्यपद्धती

रिझर्व्ह बँकेने ही यंत्रणा २६ मार्च २००४ रोजी सुरू केली. त्या काळी परगावचा धनादेश वटण्यास कित्येक दिवस लागत. ‘रिअल टाइम’ म्हणजे आदेश येताच, त्याच वेळी. आणि ‘ग्रॉस’ म्हणजे प्रत्येक व्यवहाराचा स्वतंत्र हिशेब. या दुसऱ्या शब्दाचे महत्त्व मोठे आहे. अन्य पद्धतींत बँका आपापसांतील देणे-घेणे एकत्र करून केवळ फरकाची रक्कम चुकती करतात. एका बँकेने दुसरीला १०० कोटी रुपये देणे असेल व दुसरीकडून ९० कोटी येणे असेल, तर प्रत्यक्षात १० कोटीच हलतात. आरटीजीएसमध्ये अशी वजावट होत नाही.

खातेदाराने २० लाख रुपये पाठविण्याचा आदेश दिला, की त्याची बँक प्रथम ती रक्कम त्याच्या खात्यातून वळती करते आणि रिझर्व्ह बँकेकडे संदेश पाठविते. प्रत्येक सहभागी बँकेचे रिझर्व्ह बँकेकडे खाते असते. तेथे देणाऱ्या बँकेच्या खात्यातून २० लाख रुपये कमी होऊन घेणाऱ्या बँकेच्या खात्यात जमा होतात. त्यानंतरच घेणाऱ्या बँकेला संदेश मिळतो व ती आपल्या ग्राहकाच्या खात्यात रक्कम भरते. पैसा रिझर्व्ह बँकेच्या वहीत आधीच हललेला असल्याने मधल्या काळात एखादी बँक अडचणीत येऊन व्यवहार अडकण्याचा धोका उरत नाही.

मर्यादा, वेळ आणि शुल्क

आरटीजीएसद्वारे किमान २ लाख रुपये पाठवावे लागतात. रिझर्व्ह बँकेने कमाल मर्यादा घातलेली नाही. तथापि इंटरनेट किंवा मोबाइल बँकिंगसाठी प्रत्येक बँक स्वतःची मर्यादा ठरविते. मोठा व्यवहार ठरलेला असल्यास ती आधीच तपासणे हिताचे. १४ डिसेंबर २०२० पासून ही सेवा रविवार व सुट्ट्यांसह चोवीस तास उपलब्ध आहे. दिवसाचा हिशेब बंद करून नव्या दिवसाचा सुरू करण्याचा अल्प अवधी तेवढा त्यास अपवाद. अर्थात, शाखेत जाऊन अर्ज भरणाऱ्यांना शाखेची वेळ पाळावीच लागते.

पैसे स्वीकारणाऱ्याकडून कोणतेही शुल्क घेता येत नाही. पाठविणाऱ्याकडून २ ते ५ लाख रुपयांसाठी कमाल २४ रुपये ५० पैसे आणि ५ लाखांपुढे कमाल ४९ रुपये ५० पैसे, अधिक कर, एवढेच शुल्क आकारता येते. रिझर्व्ह बँकेने १ जुलै २०१९ पासून बँकांकडून घेतले जाणारे आपले शुल्क माफ केले आहे.

२ लाखांपेक्षा कमी रकमेसाठी ‘एनईएफटी’ हा पर्याय आहे. तेथे व्यवहार दर अर्ध्या तासाच्या गटाने पुढे जातात आणि १६ डिसेंबर २०१९ पासून ही सेवाही अहोरात्र चालते. ‘आयएमपीएस’द्वारे ५ लाख रुपयांपर्यंतची रक्कम तत्काळ पाठविता येते.

पैसे न पोहोचल्यास

संदेश मिळाल्यापासून ३० मिनिटांच्या आत घेणाऱ्या बँकेने ग्राहकाच्या खात्यात रक्कम भरणे बंधनकारक आहे. खाते बंद असणे, गोठविलेले असणे किंवा क्रमांक अस्तित्वातच नसणे अशा कारणांनी ते शक्य नसेल, तर एका तासात अथवा आरटीजीएसचा दिवस संपण्यापूर्वी, यांपैकी जे आधी असेल तोवर रक्कम परत पाठवावी लागते. दिरंगाई झाल्यास चालू रेपो दर अधिक २ टक्के या दराने भरपाई देय ठरते.

प्रत्येक व्यवहाराला २२ अक्षर-अंकांचा ‘यूटीआर’ क्रमांक मिळतो. चौकशी वा तक्रारीसाठी तोच खरा पुरावा असल्याने तो जपून ठेवावा. खरेदीखतातही त्याची नोंद करण्याची पद्धत आहे. बँकेकडून ३० दिवसांत समाधान न झाल्यास रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे दाद मागता येते.

एक अंक चुकला तर?

खरा धोका येथेच आहे. रक्कम जमा होते ती केवळ खाते क्रमांकाच्या आधारे. अर्जावर लिहिलेले नाव त्यासाठी पाहिले जात नाही. एखादा अंक चुकला आणि तो क्रमांक दुसऱ्याच कुणाचा निघाला, तर पैसे त्या अनोळखी खात्यात जातात. पेमेंट अँड सेटलमेंट सिस्टिम्स कायदा, २००७ नुसार पूर्ण झालेला व्यवहार अंतिम असतो. धनादेशाप्रमाणे तो थांबविण्याची सोय नाही. मग त्या खातेदाराची संमती किंवा कायदेशीर मार्ग एवढाच आधार राहतो.

या त्रुटीवर उपाय म्हणून लाभार्थीचे नाव पडताळण्याची सोय १ एप्रिल २०२५ पर्यंत देण्याचे आदेश रिझर्व्ह बँकेने दिले होते. खाते क्रमांक आणि ११ अक्षर-अंकांचा ‘आयएफएससी’ संकेतांक भरताच खातेदाराचे नाव दिसते. शाखेतील ग्राहकांनाही ही माहिती मिळते व त्यासाठी शुल्क नाही. नाव जुळत नसेल, तर व्यवहार तेथेच थांबवावा.

विक्रेत्यानेही सावध असावे. समोरच्याने मोबाइलवर दाखविलेले छायाचित्र वा संदेश हा पैसे मिळाल्याचा पुरावा नव्हे. स्वतःच्या खात्यातील शिल्लक पाहूनच सही करावी.

आरटीजीएसचा हा वेग भामट्यांच्याही पथ्यावर पडतो. पोलीस अधिकारी असल्याची बतावणी करून ‘डिजिटल अटके’ची भीती घालणारे अनेकदा वृद्धांना बँकेत जाऊन मोठी रक्कम पाठविण्यास भाग पाडतात. अशी कोणतीही अटक कायद्यात नाही. फसवणूक लक्षात येताच बँकेला कळवून १९३० या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. पैसे पुढच्या खात्यांत वळविले जाण्यापूर्वी ते गोठविता आले, तरच परत मिळण्याची आशा असते. म्हणूनच शेवटची कळ दाबण्यापूर्वी खाते क्रमांक आणि नाव पुन्हा एकदा वाचण्यासाठी दिलेला एक मिनिट वाया जात नाही.