मेक्सिकोचे सणवार : पंचांग राजाचे, सण लोकांचा

दसऱ्याला आपण दाराला झेंडूचे तोरण बांधतो. हे फूल आपल्या इतके अंगवळणी पडले आहे की ते परमुलखातून आले असेल, अशी शंकाही कुणाला येत नाही. पण झेंडूचे माहेर आहे मेक्सिकोत. युरोपी जहाजांना अमेरिकेची वाट सापडली आणि मिरची, पेरू, टोमॅटो यांच्यासारखाच झेंडूही इकडे आला. माहेरी त्याचे नाव सेंपासूचिल. म्हणजे ‘वीस फुले’. तिथले जुने लोक विसांनी मोजत. आपल्याकडची म्हातारी माणसे ‘पाच विसा शंभर’ म्हणत ना, तसेच. आणि माहेरी या फुलाचा मान आहे तो पितरांपाशी. १ आणि २ नोव्हेंबरला तिथे मृतांसाठी घरात चौरंग मांडतात. त्यावर दिवे, पाव, फळे, गेलेल्या माणसाच्या आवडीचा पदार्थ, आणि झेंडूची रास. कित्येक ठिकाणी दारापासून चौरंगापर्यंत पाकळ्यांची वाट घालतात. पितरांना घर चुकू नये म्हणून!

आता कुणी विचारील, हा सण कुणाचा? ख्रिस्ती धर्माचा, की त्याच्या आधीचा? श्रोतेहो, या एका प्रश्नात मेक्सिकोच्या सणांचा बराचसा इतिहास सामावला आहे. त्या देशाच्या पंचांगावर तीन हात फिरले. पहिला जुन्या आस्तेक पुरोहितांचा, दुसरा स्पॅनिश पाद्र्यांचा आणि तिसरा प्रजासत्ताक सरकारचा. प्रत्येकाने आधीचे खोडून आपले लिहिले. लोकांनी त्याचे काय केले, ते पाहण्यासारखे आहे.

१३ ऑगस्ट १५२१ रोजी एर्नान कोर्तेसच्या फौजेपुढे आस्तेकांची राजधानी तेनोच्तित्लान पडली. देवळे पाडली गेली, त्यांच्याच दगडांनी चर्चच्या भिंती उभ्या राहिल्या. पंचांगही गेले. ते पंचांग होते वीस-वीस दिवसांच्या अठरा महिन्यांचे. वर उरलेले पाच दिवस अशुभ. प्रत्येक महिन्याला आपला सण होता आणि त्यांत दोन सण पाठोपाठ मृतांचे येत, एक धाकटा आणि एक थोरला. ते पडत साधारण ऑगस्टच्या सुमाराला.

१५७९ च्या सुमारास दिएगो दुरान नावाचा एक डोमिनिकन पाद्री या जुन्या सणांची टिपणे करीत होता. त्याच्या नजरेला एक गोष्ट आली. ख्रिस्ती धर्मातला सर्व संतांचा दिवस १ नोव्हेंबरचा आणि सर्व मृतात्म्यांचा २ नोव्हेंबरचा. पण इथले नवख्रिस्ती पहिल्या दिवशी नैवेद्य आणीत तो मेलेल्या लेकरांसाठी आणि दुसऱ्या दिवशी थोरांसाठी. दुरानच्या मनात पाल चुकचुकली. ऑगस्टमधले दोन सण या लोकांनी गुपचूप उचलून नोव्हेंबरात तर नाही ना ठेवले? सगळेच जुने होते असेही म्हणता येणार नाही. मृतांच्या दिवशी कबरींवर दिवे आणि पाव नेण्याची चाल स्पेनमध्येही होती. दोन ओढे एकत्र आले की कुठले पाणी कुठले ते कसे सांगायचे?

दुसरे उदाहरण तेपेयाक टेकडीचे. डिसेंबर १५३१ मध्ये हुआन दिएगो या गरीब देशी माणसाला तिथे मेरीमातेने दर्शन दिले, अशी श्रद्धा आहे. तीच ग्वादालूपेची माता. १२ डिसेंबर हा तिचा दिवस. पण याच टेकडीवर पूर्वी तोनांत्सिनचे ठाणे होते. तोनांत्सिन म्हणजे ‘आमची आई’. बेर्नार्दिनो दे साआगून हा फ्रान्सिस्कन पाद्री मोठा अभ्यासू. त्याने आस्तेकांची भाषा आणि रीतीभाती लिहून ठेवल्या म्हणून आज आपल्याला त्या कळतात. त्याचीच तक्रार होती की लोक मेरीमातेलाही तोनांत्सिन म्हणतात, आणि जवळची चर्चे सोडून पूर्वीसारखेच दूरदुरून याच टेकडीला येतात. नाव बदलले, वाट बदलली नाही.

पुढे या मातेने आणखी एक काम केले. १६ सप्टेंबर १८१० च्या पहाटे दोलोरेस गावच्या मिगेल इदाल्गो या पाद्र्याने चर्चची घंटा वाजवली आणि जमलेल्या शेतकऱ्यांना स्पॅनिश राजवटीविरुद्ध उठावाची हाक दिली. वाटेत आतोतोनिल्कोच्या देवळातून त्याने ग्वादालूपेचे चित्र उचलले आणि तेच बंडाचे निशाण झाले. इदाल्गोला १८११ मध्ये गोळ्या घातल्या गेल्या. स्वातंत्र्य मिळाले १८२१ मध्ये. तरी राष्ट्राचा मोठा दिवस मानला जातो तो विजयाचा नव्हे, हाकेचा. १८९६ मध्ये पोर्फिरिओ दियाझ या अध्यक्षाने ती घंटा राजधानीत आणून राजवाड्यावर बसवली. आजही १५ सप्टेंबरच्या रात्री अध्यक्ष ती वाजवतात आणि खालचा चौक जयघोषाने दणाणून जातो.

सरकारचा हात पंचांगावर खऱ्या अर्थाने फिरला तो बेनितो हुआरेझच्या वेळी. हुआरेझ हा वाहाका प्रांतातला, सापोतेक या देशी जमातीत जन्मलेला. चर्चची सत्ता मोडायला निघालेला पुरुष. १८५९ च्या जुलैत त्याने चर्चची मालमत्ता राष्ट्राची केली आणि ११ ऑगस्टला सुट्ट्यांची यादी छाटली. एवढ्या कडव्या माणसाने यादीत काय ठेवले असेल? १६ सप्टेंबर तर ठेवलाच. पण १ आणि २ नोव्हेंबर ठेवले, आणि १२ डिसेंबरही ठेवला! चर्चची जमीन घेता येते. आईचा दिवस आणि पितरांचा दिवस घ्यायला त्याचाही हात धजला नाही.

त्याच्याच कारकिर्दीत ५ मे १८६२ रोजी प्वेब्ला शहरापाशी जनरल सारागोसाने तिसऱ्या नेपोलियनची फ्रेंच फौज परतवली. परकी कर्जाची फेड थांबवली म्हणून ती आली होती. पुढच्याच वर्षी फ्रेंचांनी प्वेब्ला घेतले, ही गोष्ट वेगळी. आज गंमत अशी की हा दिवस प्वेब्लात मनापासून पाळतात, उरलेल्या देशात बेताचाच, आणि सर्वांत मोठा जल्लोष होतो तो संयुक्त संस्थानांतल्या मेक्सिकन वस्त्यांत. घरापासून दूर गेलेल्यांना सणाची गरज अधिक असते.

आणि आजचा कायदा? कामगार कायद्यात दरसाल सात ठरलेल्या सुट्ट्या आहेत. त्यांत राज्यघटना, हुआरेझची जयंती आणि १९१० ची क्रांती यांचे दिवस २००६ पासून सरळ सोमवारवर नेले, म्हणजे रविवारला जोडून विश्रांती मिळते. २ नोव्हेंबर त्या यादीत नाही. १२ डिसेंबरही नाही. तरी १२ डिसेंबरला लाखो माणसे पायी, सायकलीवर, कुणी गुडघ्यांवर सरकत तेपेयाकला पोचतात. आपल्या आषाढीच्या वारकऱ्यांना तरी कुणी रजेचा अर्ज विचारला होता?

सरकारला मात्र सणांचा मोह सुटत नाही. वाहाकात जुलैमधल्या दोन सोमवारी गेलागेत्सा भरतो. निरनिराळ्या भागांतले लोक आपापले नाच सादर करतात आणि शेवटी आपल्या मुलखाची फळे, पाव प्रेक्षकांत उधळतात. आजच्या सोहळ्याची सुरुवात १९३२ ची. त्याआधीच्या वर्षी भूकंपाने खचलेल्या शहराने चारशेव्या वर्षानिमित्त तो भरवला. पण शब्द जुना, सापोतेक. त्याचा अर्थ परस्परांचे देणेघेणे. लग्नाकार्यात कुणी काय दिले ते वहीत टिपायचे आणि त्याच्या घरी कार्य निघाले की फेडायचे. आपली आहेराची वहीच की! अशा सणाला तिकीट लागले. मग २००६ मध्ये शिक्षकांच्या आंदोलनामुळे सरकारी सोहळा रद्द झाला, तेव्हा आंदोलकांनी आपला बिनतिकिटाचा गेलागेत्सा भरवला. भांडण नाचाचे नव्हते, मालकीचे होते.

मृतांच्या दिवसाचेही तेच. राजधानीत २०१६ पासून त्या सुमाराला भव्य मिरवणूक निघते. तिची कल्पना आली एका इंग्रजी हेरपटातून, ज्यात अशी मिरवणूक दाखवली होती. प्रत्यक्षात ती तोवर नव्हतीच! जाणकार नाक मुरडतात. मुरडोत बिचारे. पण दुरानची शंका आठवा. चारशे-साडेचारशे वर्षांपूर्वीही कुणीतरी म्हणतच होते की हा सण अस्सल नव्हे, कुठून तरी उचलून आणलेला आहे.

पंचांग लिहिणारे येतात आणि जातात. तारखा सरकतात, नावे बदलतात, यादीतून दिवस गळतात. पण ज्या घरातले माणूस गेले, त्या घराला नोव्हेंबरात त्याच्यासाठी ताट वाढायचेच असते. त्यासाठी कुणाची परवानगी लागत नाही. लागते ती टोपलीभर झेंडूची फुले, आणि दारापासून आत येणारी वाट.