दुःखी प्राण्याचा वध : एक जुना पूर्वपक्ष

इ. स. १९२८ सालीं साबरमतीच्या आश्रमांत एक जायबंदी वासरूं महात्मा गांधींच्या संमतीनें विष टोचून मारण्यांत आलें. त्यावरून उसळलेल्या वादाची हकीकत बहुतेक वाचकांस ठाऊक असेल. त्या वादाविषयीं लिहितां-बोलतांना पुष्कळदां असें गृहीत धरलें जातें कीं, असाध्य वेदनेनें तळमळणाऱ्या प्राण्यास दयेनें मारावें हा विचार पश्चिमेकडून आला व आपल्याकडे तो पूर्वीं कोणाच्या मनांतच आला नव्हता. समर्थक त्यास नवीन म्हणून गौरवितात, विरोधक परका म्हणून धिक्कारितात. हा समज ग्रंथांच्या आधारें तपासून पाहावा, एवढ्याच हेतूनें हें टिपण लिहिलें आहे.

समयसारावरील ‘आत्मख्याति’ टीकेचे कर्ते दिगंबर आचार्य अमृतचंद्र हे संग्राहकांस अपरिचित नाहींत. त्यांचा काल सामान्यतः इसवी सनाचें दहावें शतक असा मानितात. त्यांचा ‘पुरुषार्थसिद्ध्युपाय’ हा सव्वादोनशें श्लोकांचा लहानसा ग्रंथ श्रावकाच्या आचाराविषयीं आहे. जयपूरच्या पंडित टोडरमल्लांनीं त्यावर भाषाटीका लिहावयास घेतली. ती अपुरी राहिली व दौलतरामांनीं अठराव्या शतकांत ती पुरी केली. त्यामुळें मूळ संस्कृत न वाचणाऱ्या श्रावकवर्गांतही या ग्रंथाचा प्रवेश झाला.

या ग्रंथाच्या अहिंसाप्रकरणांत आचार्य हिंसेच्या समर्थनाचे एकामागून एक पूर्वपक्ष मांडतात व ते खोडीत जातात. देवतेसाठीं मारावें काय? अतिथीसाठीं? अनेक क्षुद्र जीवांपेक्षां एक मोठा प्राणी मारणें बरें, असें म्हणावें काय? हिंस्र श्वापद मारल्यानें पुष्कळांचे प्राण वाचतात, शिवाय त्या श्वापदाच्याही पापाची भर थांबते, म्हणून मारावें काय? याच मालिकेंत पुढचा पूर्वपक्ष येतो तो असा : अत्यंत दुःखी प्राणी मारल्यास त्यांचें दुःख लवकर तुटतें, म्हणून त्यांस मारावें. आचार्यांचा निकाल निःसंदिग्ध आहे. असली समजूत म्हणजे हातांत घेतलेली वासनेची कट्यार होय. ती घेऊन दुःखितांचाही वध करूं नये.

लगेच पुढें सुखी प्राण्यांविषयींचा पूर्वपक्ष आहे. सुखांत असतां मारले तर पुढील जन्मींही सुखीच राहतील, असें म्हणणाऱ्यांस आचार्य उत्तर देतात. आणि त्यापुढें, गुरु समाधींत असतांना त्यास सद्गति मिळावी म्हणून शिष्यानें त्याचें डोकें उडवूं नये, असेंही सांगतात! हें वाचून आज हंसूं येईल. परंतु निषेध ज्याचा करावयाचा तें निदान कोणाच्या तरी तोंडीं असावें लागतें. दुःखितवधाचा पक्ष हा हजार वर्षांपूर्वींच्या श्रावकास कोठें तरी ऐकूं येत होता, म्हणूनच आचार्यांनीं त्यावर श्लोक खर्चिला, असें अनुमान करण्यास हरकत नाहीं.

त्या श्लोकांत ‘मारलेले’ या अर्थीं आचार्यांनीं ‘संज्ञपित’ हा शब्द योजिला आहे. हा शब्द यज्ञशाळेंतला. पशुयागांत पशूचा श्वास कोंडून त्यास मारण्याच्या क्रियेस ‘संज्ञपन’ म्हणतात, आणि धात्वर्थानें पाहतां त्याचा अर्थ ‘संमत करविणें’ असा होतो. पशूला मारिलें असें न म्हणतां त्याला राजी केलें असें म्हणावयाचें, ही याज्ञिकांची जुनी रीत. जैन आचार्यांनीं हा शब्द जाणूनबुजून घेतला कीं छंदाच्या सोयीनें आला, हें सांगण्याचें साधन नाहीं. मला तो बोंचक वाटतो. ज्याला वाचा नाहीं त्याची संमति आपणच गृहीत धरावयाची, हा यज्ञांतील पशुवध व दयेचा वध या दोहोंना समान असलेला दोष त्या एका शब्दानें दाखविला जातो.

हा पक्ष कोणाचा? संस्कृत दर्शनग्रंथांत ‘संसारमोचक’ नांवाच्या एका पंथाचा उल्लेख येतो. प्राण्यास मारणें म्हणजे त्यास संसारांतून मोकळें करणें होय, तें पुण्यकर्मच आहे, असें त्यांचें मत म्हणून सांगितलें जातें. कुमारिल भट्टांच्या श्लोकवार्तिकांत त्यांचा निर्देश आहे, आणि काश्मीरच्या जयंत भट्टांनीं न्यायमंजरींत त्यांस पापी म्हणून गणिलें आहे. पंथाचा स्वतःचा म्हणावा असा ग्रंथ आपल्यापुढें नाहीं. जें कांहीं आहे तें प्रतिपक्ष्यांनीं लिहिलेलें. एखाद्या सरदाराचें चरित्र केवळ त्याच्या शत्रूंच्या बखरींवरून लिहावें, तशांतली ही गत आहे. यास्तव त्यांच्या आचाराची वर्णनें जपूनच घेतलीं पाहिजेत. तथापि भिन्न दर्शनांचे पंडित निरनिराळ्या शतकांत तेंच नांव घेतात, यावरून हें मत वादसभेंत ठाऊक होतें एवढें सिद्ध मानावयास प्रत्यवाय नसावा. अमृतचंद्रांचा रोख नेमका याच पंथावर होता असें मात्र माझें म्हणणें नाहीं.

निषेध झाला, मग दुःखी प्राण्याचें करावयाचें काय? याचें उत्तर पोथींत नसून पांजरपोळांत आहे. इटालियन प्रवासी पिएत्रो देल्ला वाल्ले इ. स. १६२३ मध्यें खंबायतेस आला असतां त्यानें तेथील पक्ष्यांचें रुग्णालय पाहिलें. आजारी, लंगडीं, जोडीदारावांचून राहिलेलीं पांखरें तेथें ठेवलेलीं असत. रानपांखरें बरीं झालीं कीं सोडून देत व माणसाळलेलीं एखाद्या धर्मशील गृहस्थास देत. तेथें त्याला आईबापांवेगळीं झालेलीं उंदरांचीं इवलीं पिल्लें दिसलीं. पांढऱ्या दाढीचा एक म्हातारा नाकावर चष्मा चढवून, कापसांत ठेवलेल्या त्या पिल्लांना पिसाच्या टोंकानें दूध पाजीत बसला होता. परक्या प्रवाशांनीं या संस्थांची थट्टा पुष्कळ केली आहे. या प्रवाशानें मात्र पाहिलें तें नीट टिपून ठेविलें, याबद्दल आपण त्याचे ऋणी आहों.

मुंबईच्या पांजरपोळाची उत्पत्ति दंग्यांतून झाली. भटकीं कुत्रीं मारण्याचा सरकारी हुकूम होता व प्रत्येक कुत्र्यामागें इनाम मिळे. इनामाच्या लोभानें घरच्या, दारच्या कुत्र्यांवरही हात पडूं लागला, तेव्हां ता. ६ जून १८३२ रोजीं कोटांत पारशी मंडळी खवळून उठली. हिंदु व जैनही त्यांत मिळाले. पारशांच्या क्षोभाचें मूळ त्यांच्या धर्मग्रंथांत आहे. वेंदिदादाचा तेरावा फर्गर्द कुत्र्यांविषयीं असून, पिसाळलेल्या कुत्र्यावरही धर्मबंधूप्रमाणें उपचार करावे अशी त्यांत आज्ञा आहे. पिसाळलेल्या कुत्र्याविषयीं ज्याचा धर्म असें सांगतो, त्याला निरोगी कुत्रें इनामासाठीं ठार झालेलें कसें सोसावें? पुढें १८३४ सालीं जमशेटजी जीजीभाई व अमीचंद शहा यांच्या पुढाकारानें मुंबईचें पांजरपोळ स्थापन झालें. एक पारशी, एक जैन. दोघांच्या धर्मांची तत्त्वें निराळीं, पण निष्कर्ष एकच : निराधार प्राण्यास थारा द्यावा, चारा-पाणी द्यावें आणि त्याचा शेवट त्याच्या वेळेवर सोडावा.

या कर्तव्यकल्पनेची थोरवी मान्य करून तिची उणीवही सांगितली पाहिजे. थारा दिला म्हणजे वेदना थांबत नाहीं. चिकित्सेची सोय मुंबईस मागाहून झाली. परळचें बाई साकरबाई पेटिट रुग्णालय १८८३ चें. जेथें चिकित्सक येतो तेथें ‘उपाय संपला’ असें अधिकारानें सांगणारा कोणी तरी प्रथमच उभा राहतो, आणि पांजरपोळाच्या भिंतीआड झांकलेला प्रश्न उघडा पडतो.

साबरमतीस नेमकें हेंच झालें. वासरूं एका कुशीवर पडून होतें, कूस बदलण्याचेंही त्राण त्यांत नव्हतें, व डॉक्टरांनीं आशा सोडली होती. गांधींनीं आश्रमांतील मंडळींशीं विचारविनिमय केला. जो प्राण देऊं शकत नाहीं त्यास प्राण घेण्याचा अधिकार नाहीं, असा आक्षेपही निघाला. शेवटीं गांधींच्या समक्ष डॉक्टरानें विष टोचलें. दोन मिनिटांच्या आंत सर्व आटोपलें. ही हकीकत त्यांनीं स्वतःच ‘नवजीवन’ व ‘यंग इंडिया’ या पत्रांत प्रसिद्ध केली व रोषाचीं पत्रें ओढवून घेतलीं. अहमदाबादेंत एका गिरणीमालकानें साठ भटकीं कुत्रीं मारविलीं, त्या प्रकरणीं १९२६ सालींही त्यांना असाच रोष सोसावा लागला होता. ज्यांनीं १८९४ मध्यें आफ्रिकेहून राजचंद्रांना साप चावावयास आला तर काय करावें असें विचारिलें होतें व देह नश्वर मानणाऱ्यानें तो चावूं द्यावा अशा आशयाचें उत्तर मिळविलें होतें, तेच हे गांधी.

आतां मुख्य गांठ. गांधींचा युक्तिवाद असा कीं, हिंसा ठरते ती क्रोधानें किंवा स्वार्थानें केलेल्या पीडेनें. शस्त्रवैद्य सुरी चालवितो ती हिंसा नव्हे. आणि अमृतचंद्रांची हिंसेची व्याख्या काय? रागादि विकारांचा उदय ती हिंसा, त्यांचा अनुदय ती अहिंसा. विकाररहित व सावध आचरण असतां केवळ प्राणहानि झाल्यानें हिंसा होत नाहीं, हेंही तेच सांगतात. म्हणजे गांधींनीं जी व्याख्या हातीं घेतली ती आचार्यांचीच म्हणावी अशी आहे, आणि तिच्या जोरावर त्यांनीं जो निष्कर्ष काढला तो आचार्यांनीं स्पष्ट शब्दांत निषिद्ध केलेला! एकानें दुसऱ्याचा ग्रंथ पुढें ठेवून लिहिलें असें मी म्हणत नाहीं. युक्तिवादाची जात एक आहे, एवढेंच दाखवावयाचें आहे. गांधी जैन अहिंसेच्या बाहेर गेले असें म्हणणाऱ्यांनीं व्याख्येचा श्लोक वाचावा. ते तिच्या आंतच राहिले असें म्हणणाऱ्यांनीं दुःखितवधाचा.

आचार्यांच्या बाजूनें उत्तर निघतें तें ‘वासना’ या शब्दांतून. दुसऱ्याचें दुःख पाहवत नाहीं म्हणून तें संपवूं पाहणें, यांत ‘पाहवत नाहीं’ हाही एक रागच. कोणाची वेदना थांबवावयाची, त्याची कीं आपली? याच ग्रंथांत सल्लेखनेस आत्मघात म्हणूं नये असें प्रतिपादन आहे, कारण तेथें विकार नसतात. परंतु तो निर्णय ज्याचा देह त्याचाच असतो. गांधींनाही ही अडचण जाणवली होती. आपल्या कृतीस त्यांनीं ज्या अटी घातल्या त्या अशा : रोग असाध्य असावा, सर्वांनीं आशा सोडलेली असावी, कोणतीही सेवा करणें शक्य नसावें, आणि रोग्यास आपली इच्छा सांगतां येणें अशक्य असावें. माणसासही तोच नियम लागू, असें ते म्हणाले. शेवटच्या अटीपाशीं मी अडतों. इच्छा सांगतां न येणें ही आचार्यांच्या मतें हात आंवरण्याची जागा. गांधींच्या मतें तीच हात घालण्याची. माझा कल, वासराचें वर्णन वाचतांना, गांधींकडे झुकतो. ‘संज्ञपित’ हा शब्द आठवला म्हणजे तो पुनः डळमळतो.

कायद्यानें पुढें एक बाजू घेतली. १९६० च्या प्राणिक्लेश प्रतिबंधक अधिनियमाच्या तिसऱ्या कलमांत प्राणी बाळगणाऱ्याचें कर्तव्य सांगितलें आहे, आणि तेराव्यांत, दोषी ठरलेल्या मालकाच्या प्राण्यास जिवंत ठेवणें हेंच क्रौर्य होईल अशी न्यायालयाची खात्री झाल्यास त्यास नष्ट करण्याचा हुकूम देतां येतो. ‘जिवंत ठेवणें हें क्रौर्य’ हे शब्द खंबायतेच्या त्या म्हाताऱ्यास समजले नसते.

ग्रंथांतील मतें हातीं आलीं, तरी प्रत्यक्ष आचार कळण्याचें साधन निराळें आहे. पांजरपोळांच्या जमाखर्चाच्या वह्या, औषधपाण्याचीं बिलें, कारभाऱ्यांचीं गुजराती व मोडी पत्रें यांत आजारी जनावरांविषयींच्या नोंदी असणारच. कोणतें जनावर कोणत्या दिवशीं आलें, काय उपचार झाला, किती दिवस जगलें, हें त्यांवरून जुळवितां येईल. हे कागद बहुधा कोणी मागत नाहीं, म्हणून रद्दींत जातात. ज्या सभासदांच्या गांवीं जुनें पांजरपोळ किंवा महाजनाची पेढी असेल त्यांनीं अशा वह्या पाहून त्यांची यादी मंडळाकडे धाडावी.