घर सोडावे की सांधावे?

घर जुने झाले की दोन वाटा समोर येतात. एक म्हणजे ओल आलेल्या भिंती खरवडून, कौले उतरवून, नळ नव्याने फिरवून तिथेच राहायचे. दुसरी म्हणजे सगळे आवरून गावाबाहेरच्या नव्या वसाहतीत जायचे. हा प्रश्न आपण घरगुती समजतो आणि खर्चाच्या वहीत सोडवू पाहतो. परंतु शंभर-सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या मोठ्या शहरांपुढे तोच प्रश्न एका साथीने आणून ठेवला होता. त्या वेळी दिलेली उत्तरे आजही आपल्या घरांत राहतात, असे मला वाटते.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. व्हिएगस यांनी प्लेगचे निदान केले. पुढल्या काही महिन्यांत माणसे हजारोंनी शहर सोडून गेली. सरकारने १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन केला. दाट वस्ती, कोंदट खोल्या आणि अंधार हेच रोगाचे मूळ, अशी तेव्हाची पक्की समजूत होती. म्हणून दाट वस्तीतून सँडहर्स्ट रोड, प्रिन्सेस स्ट्रीट असे रुंद रस्ते काढले गेले, नागपाड्यासारख्या भागांत पाडापाडी झाली आणि उत्तरेला दादर-माटुंग्याची आखणी सुरू झाली.

रस्ते झाले, हवा आली. पण ज्यांच्या खोल्या गेल्या ते कुठे गेले? कामाच्या जागेपासून लांब राहणे त्यांना परवडणारे नव्हते. ते शेजारच्या गल्लीत, आधीच भरलेल्या खोल्यांत जाऊन राहिले. सुरुवातीच्या काळात ट्रस्टने जितक्या खोल्या पाडल्या तितक्या बांधल्या नाहीत. दादर-माटुंग्याच्या नव्या घरांत पुढे प्रामुख्याने पगारदार मध्यमवर्ग राहायला आला. एका वर्गाचे घर सुधारले आणि दुसऱ्या वर्गाची गर्दी फक्त जागा बदलून बसली.

या रीतीला ज्याने ठामपणे विरोध केला तो माणूस मूळचा वनस्पतिशास्त्रज्ञ होता. पॅट्रिक गेडिस हे स्कॉटलंडचे. एडिंबरोच्या जुन्या भागातली सुखवस्तू माणसे केव्हाच नव्या भागात निघून गेली होती आणि मागे राहिलेल्या उंच, अंधाऱ्या इमारतींत गरिबांची दाटी झाली होती. १८८६ मध्ये लग्न झाल्यावर गेडिस आणि त्यांच्या पत्नी ॲना उलट्या दिशेने गेले. जेम्स कोर्ट नावाच्या अशाच एका चौकात त्यांनी बिऱ्हाड केले, शेजाऱ्यांना बरोबर घेऊन साफसफाई आणि रंगसफेदी केली, खिडक्यांत फुलझाडे लावली. पुढल्या सगळ्या विचारांचे बी त्या चौकात आहे.

१९१४ मध्ये गेडिस भारतात आले. शहररचनेवरचे त्यांचे प्रदर्शन घेऊन येणारे जहाज एम्डेन या जर्मन युद्धनौकेने बुडवले. त्यांनी नवी सामग्री जमवली आणि १९१५ च्या आरंभी मद्रासला प्रदर्शन भरवले. मग मदुरा, तंजावर, बडोदा, लाहोर अशा अनेक शहरांवर त्यांनी अहवाल लिहिले. त्यांची पद्धत साधी होती. नकाशावर पट्टी ठेवून सरळ रेघ ओढण्याआधी ते गल्ल्यांतून दिवसचे दिवस हिंडत. कोणते घर खरोखर पडायला आले आहे, कोणते अजून पन्नास वर्षे टिकेल, विहीर कुठे, पार कुठे, हे बघत. पडकी घरे तेवढी काढावीत, त्या जागी छोटा चौक करावा, एखादे झाड लावावे आणि बाकीच्यांना न उठवता हवा-उजेड द्यावा. जपून केलेली शस्त्रक्रिया, असे त्यांचे म्हणणे. असा खर्च पाडापाडीपेक्षा पुष्कळ कमी येतो, हेही ते आकडे मांडून दाखवत.

१९१७ हे वर्ष त्यांना फार कठीण गेले. मोठा मुलगा युद्धात मारला गेला आणि काही आठवड्यांतच ॲना कलकत्त्याला आजारपणात गेल्या. त्याच सुमारास होळकर दरबाराचे काम त्यांनी हाती घेतले. इंदूरचा दोन खंडांचा अहवाल १९१८ मध्ये निघाला. त्या काळातल्या दिवाळीची एक गोष्ट त्यांचे चरित्रकार सांगतात. शहरात प्लेगची भीती होती. गेडिस यांनी मिरवणूक काढायचे ठरवले आणि जाहीर केले, की ज्या रस्त्यावरची घरे सर्वांत जास्त झाडली-दुरुस्त केली जातील त्याच रस्त्याने मिरवणूक जाईल. गल्लोगल्ली चढाओढ लागली. मिरवणुकीत प्लेगच्या उंदराची प्रचंड प्रतिमा होती, घाणीचा राक्षस होता, स्वच्छ पांढऱ्या कपड्यांत सफाई कामगार होते आणि मागून लक्ष्मी येत होती. दिवाळीआधी घर सारवण्याची आपली रीतच त्यांनी नगररचनेला जोडली.

मी इंदूरचा. राजवाड्यामागच्या आमच्या लाकडी खांबांच्या घरात दोन वर्षे हाच वाद चालू आहे. दादाला बायपासकडे फ्लॅट घ्यायचा आहे, मला घर ठेवायचे आहे. मी गेडिस यांचे दाखले देऊ लागलो की वहिनी म्हणतात, “भावोजी, तुम्ही लिहून मोकळे होता. भर दुपारी स्वयंपाकघरात दिवा मला लावावा लागतो.” या वाक्याला अहवालात उत्तर नाही. जुन्या घराचे कौतुक करणारा आणि त्यात राबणारा माणूस बहुधा एकच नसतो.

दुरुस्तीच्या बाजूचा भाबडेपणाही इतिहासाने उघडा केला आहे. मुंबईत १९४७ च्या भाडेनियंत्रण कायद्याने भाडी १९४० च्या पातळीवर गोठली. भाडेकरूंना आसरा मिळाला. पण मालकाला दुरुस्ती परवडेना आणि भाडेकरूला आपली नसलेली भिंत बांधावीशी वाटेना. अखेर १९६९ च्या कायद्याने दुरुस्ती मंडळ आले. उपकर भरणाऱ्या अशा इमारती तेव्हा १९,६४२ होत्या. त्यांतल्या कित्येक पुढे पावसाळ्यात कोसळल्या. नुसते न सोडणे म्हणजे जपणे नव्हे. जपण्याला कुणाचा तरी हात आणि पैसा रोजचा लागतो.

तेव्हा राहावे की जावे, यापेक्षा मला आता दोन वेगळे प्रश्न महत्त्वाचे वाटतात. या निर्णयाने उजेड कुणाला मिळणार? आणि उठावे कुणाला लागणार? मुंबईच्या ट्रस्टने दुसरा प्रश्न पुरेसा विचारला नाही, मी घरात पहिला विचारत नव्हतो असे वहिनींचे म्हणणे आहे आणि ते मला नाकारता येत नाही. म्हणून आम्ही ठरवले आहे, की आधी वासे तपासून घ्यायचे. ते धड असतील तर मागची पडकी खोली काढून तिथे उघडा चौक करायचा आणि स्वयंपाकघर त्या चौकाकडे न्यायचे. वासेच पोकळ निघाले, तर मात्र दादाबरोबर फ्लॅट बघायला मीही जाईन.