बटण-क्लिकची हाताळणी, अनेक क्लासांमधील

डेस्कटॉप प्रोग्राममधील बटण एका क्लासमध्ये आणि ते दाबल्यावर होणारे काम दुसऱ्या क्लासमध्ये असेल, तर त्या दोहोंची सांगड घालण्याची पद्धत. जावाच्या १९९६ मधील पहिल्या आवृत्तीत यासाठी उपक्लास काढून त्यातली मेथड नव्याने लिहावी लागे, आणि कोणते बटण दाबले गेले हे ‘इफ’च्या लांबलचक माळेतून ठरवावे लागे. १९९७ च्या १.१ आवृत्तीत लिसनर आले. बटणाकडे ज्या ऑब्जेक्टची नोंद असेल त्याला क्लिकची वर्दी जाते. तो कोणत्या क्लासचा आहे याच्याशी बटणाला कर्तव्य नसते. त्याने ‘ॲक्शनलिसनर’ हा इंटरफेस पाळला की पुरे.

छत्रपती संभाजीनगरातील एखाद्या हिमरू शालींच्या दुकानाचा बिलाचा प्रोग्राम घ्यावा. ‘बिल करा’ हे बटण बिलखिडकीत आहे आणि शिल्लक शालींचा आकडा साठाखिडकीत दिसतो. शिकाऊ प्रोग्रामर लिसनरमध्येच ‘न्यू’ वापरून साठाखिडकीचा ऑब्जेक्ट तयार करतो आणि त्यातला आकडा बदलतो. प्रोग्राम तक्रार करत नाही, पडद्यावर मात्र जुनाच आकडा राहतो, कारण बदल झाला तो कुणालाच न दिसणाऱ्या नव्या खिडकीत. यावर आकडा ‘स्टॅटिक’ करण्याची पळवाट फार लोकप्रिय आहे. ती चालते, पण दुसरी साठाखिडकी उघडताच अंगाशी येते. खरा उपाय म्हणजे आधीच अस्तित्वात असलेल्या साठाखिडकीचा संदर्भ कन्स्ट्रक्टरमधून बिलखिडकीकडे देणे. त्याहून बरे म्हणजे साठ्याचा हिशेब खिडक्यांबाहेर स्वतंत्र क्लासमध्ये ठेवणे: बिलखिडकी त्यात बदल करते आणि साठाखिडकी त्या बदलाची वर्दी घेते. ट्रिग्व्हे रेन्सकाउग यांनी १९७९ मध्ये झेरॉक्सच्या ‘पार्क’ या संशोधन केंद्रात मांडलेल्या मॉडेल-व्ह्यू-कंट्रोलर रचनेचा गाभा हाच आहे.

लिसनर लिहिण्याची रीत पुढे सुटसुटीत होत गेली. १.१ पासून निनावी आतला क्लास लिहिता येऊ लागला आणि २०१४ च्या जावा ८ मध्ये एका ओळीचे लॅम्डा आले. सी-शार्पमध्ये हेच काम डेलिगेट करतात, सी++ च्या क्यूटी या लायब्ररीत सिग्नल आणि स्लॉट.

जावाच्या स्विंग या खिडक्या-बटणांच्या लायब्ररीत सर्व लिसनर एकाच इव्हेंट थ्रेडवर चालतात. त्यात मोठी फाइल वाचायला घेतली तर वाचन संपेपर्यंत सगळी खिडकी गोठते. असे काम वेगळ्या थ्रेडवर चालवणाऱ्या स्विंगवर्करकडे सोपवतात. खिडकी बंद केल्यावरही तिचा लिसनर दीर्घकाळ टिकणाऱ्या हिशेबाच्या ऑब्जेक्टकडे नोंदलेला राहिला, तर तिची मेमरी मोकळी होत नाही. म्हणून जावात नोंद आठवणीने काढावी लागते. क्यूटीमध्ये मात्र सिग्नल देणारा किंवा घेणारा ऑब्जेक्ट नष्ट झाला की जोडणी आपोआप तुटते.