छंदाची वेबसाइट ‘व्यावसायिक’ कधी ठरते? जाहिरात लावण्याआधी हे वाचा

गावच्या किल्ल्याची माहिती, पक्ष्यांचे फोटो, भजनी मंडळाचे कार्यक्रम... अशी हौसेची वेबसाइट आता मोबाइलवरूनही बनवता येते. थीम, फॉन्ट, फोटो फुकटात मिळतात. पण त्यातल्या बऱ्याच गोष्टी फक्त वैयक्तिक वापरासाठीच फुकट असतात. साइटवर पहिली जाहिरात लागली की नियम बदलू शकतात.

नफा नाही म्हणजे सुटलो का?

नाही. ‘व्यावसायिक वापर’ याची सगळीकडे चालणारी एकच व्याख्या नाही. ज्या त्या लायसन्समध्ये लिहिलंय तेच लागू होतं.

क्रिएटिव्ह कॉमन्सच्या ‘नॉन-कमर्शियल’ लायसन्समध्ये अट अशी, की वापराचा मुख्य हेतू धंद्याचा फायदा किंवा पैसा हा नसावा. इथे वापरणारा कोण हे बघत नाहीत, वापर कशासाठी हे बघतात. त्यामुळे सेवाभावी संस्थेलाही आपोआप सूट मिळत नाही.

काही ठिकाणी नियम आणखी कडक आहेत. ‘व्हर्सेल’ या होस्टिंग सेवेचा फुकट ‘हॉबी’ प्लॅन घेतला, तर जाहिरात लावणंच काय, देणगी मागणंही व्यावसायिक धरलं जातं. म्हणजे मंदिराच्या साइटवर देणगीचा क्यूआर कोड टाकला तरी अडचण येऊ शकते.

साधारण या गोष्टी व्यावसायिक ठरतात

• साइटवरून गूळ, हळद, रोपं विकणं
• कृषी सेवा केंद्राची जाहिरात पैसे घेऊन लावणं
• कमिशन मिळणारी खरेदीची लिंक देणं
• दुसऱ्याची साइट पैसे घेऊन बनवून देणं

बिनधास्त काय वापरता येतं?

वर्डप्रेस जीपीएल लायसन्सखाली येतं, त्यावर धंदाही करता येतो. ‘मुक्त’ आणि ‘बलू’ हे देवनागरी फॉन्टही व्यावसायिक कामाला चालतात. फक्त नुसता फॉन्ट विकता येत नाही.

कायदा काय सांगतो?

कॉपीराइट कायदा, १९५७ चं कलम ६३ब असं आहे: सॉफ्टवेअरची प्रत बेकायदा आहे हे माहीत असूनही वापरली, तर ७ दिवस ते ३ वर्षे कैद आणि ५० हजार ते २ लाख रुपये दंड. वापर कमाईसाठी किंवा धंद्यासाठी नव्हता असं कोर्टाला पटलं, तर कैद टळू शकते. दंड मात्र ५० हजारांपर्यंत होऊ शकतो. म्हणजे ‘क्रॅक’ केलेली थीम हौसेच्या साइटलाही महागात पडू शकते.

एवढं करा

डाउनलोड करताना लायसन्सच्या पानाचा स्क्रीनशॉट ठेवा. जाहिरात, विक्री किंवा देणगी सुरू करण्याआधी ते पुन्हा वाचा. शंका असेल तर बनवणाऱ्याला ईमेल करून लेखी परवानगी मागा. नाहीच मिळाली, तर ती वस्तू काढून व्यावसायिक वापराला मोकळी असलेली दुसरी लावा.