कंबरदुखी : विश्रांतीच्या सल्ल्याचा इतिहास

कोरपना तालुक्यात निंदण, कापूसवेचणी, उन्हाळ्यात मोहफुले वेचणे ही बहुतेक कामे कंबरेतून वाकून करावी लागतात. साठी ओलांडलेले शेतमजूर 'कंबर धरली' म्हणून प्राथमिक आरोग्य केंद्रात येतात, यात नवल नाही. नवल वाटावे ते या दुखण्यावर दिल्या गेलेल्या सल्ल्याच्या इतिहासाचे.

१८६३ मध्ये लंडनचे शल्यविशारद जॉन हिल्टन यांनी वेदना व विश्रांती यांचा संबंध ग्रंथरूपाने मांडला. मोडलेल्या हाडाला, सुजलेल्या सांध्याला विश्रांतीने गुण येई. तोच न्याय पुढे कंबरेलाही लावला गेला. १९३४ मध्ये अमेरिकेतील मिक्स्टर व बार यांनी मणक्यांमधील चकती सरकून मज्जातंतूवर दाब येतो, हे दाखविले. काही रुग्णांच्या बाबतीत ते खरेच होते. पण मग साध्या कंबरदुखीमागेही चकतीच शोधली जाऊ लागली.

'पडून राहा' या सल्ल्याची एक महत्त्वाची परीक्षा १९८६ मध्ये झाली. रिचर्ड डेयो व सहकाऱ्यांनी २०३ रुग्णांचे, चिठ्ठ्या टाकाव्यात तसे, दोन गट केले. एकाला दोन दिवस, दुसऱ्याला सात दिवस अंथरुणावर राहण्यास सांगितले. पहिल्या गटाचे कामाचे खाडे ४५ टक्क्यांनी कमी भरले. बाकी प्रकृतीत फरक दिसला नाही. १९९४ मध्ये कंबर न दुखणाऱ्या ९८ जणांच्या एमआरआय तपासणीत ५२ टक्क्यांच्या किमान एका चकतीला फुगवटा आढळला. म्हणजे चित्रात दिसणारा दोष हेच दुखण्याचे कारण, असे गृहीत धरता येत नाही.

हे प्रयोग परदेशातले. आपल्या शेजारी, गडचिरोलीत, डॉ. अभय व डॉ. राणी बंग यांच्या 'सर्च' संस्थेने खेड्यांतील कंबरदुखीचा अभ्यास केला आणि २०२१ मध्ये ती सार्वजनिक आरोग्याची समस्या असल्याचे मांडले. २०२३ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने जुनाट कंबरदुखीसाठी मार्गदर्शक सूचना दिल्या. त्यांत वृद्धांचा वेगळा विचार आहे. व्यायाम आणि रुग्णाला नीट समजावून सांगणे यांवर भर आहे. कंबरपट्टा व वजने लावून ताण देणे यांची सरसकट शिफारस नाही.

म्हाताऱ्या माणसाला याचे मोल अधिक आहे. अंथरुणावर पडून स्नायू लवकर झिजतात आणि मजुरीही बुडते. मात्र ताप, वजन घटणे, पडल्यानंतरची कळ, पायांतील शक्ती जाणे किंवा लघवीवरचा ताबा सुटणे, यांपैकी काही असेल तर विनाविलंब डॉक्टर गाठावा. मणक्याचा क्षय वा ठिसूळ हाडाचा भंग त्यामागे असू शकतो.

वर्गात हा इतिहास सांगताना विद्यार्थ्यांना एक प्रश्न जरूर विचारावा : दोन गट पाडताना रुग्णांना आपापला गट निवडू दिला असता, तर निष्कर्षावर विश्वास ठेवता आला असता का?