मोरबाथचें देऊळ व त्याची हिशेबवही

आपल्या देवळाच्या ज्युबिलीच्या या मंगल प्रसंगीं आम्हांस इंग्लंडांतील एका लहानशा देवळाचें स्मरण होतें. डेव्हन परगण्यांत, एक्समूरच्या माळरानाच्या कडेस, मोरबाथ नांवाचें खेडें आहे. 16व्या शतकांत तेथें सुमारें 33 कुटुंबें राहत असत. देऊळ संत जॉर्ज यांस वाहिलेलें. 1520 सालीं तेथें आलेले धर्मगुरु क्रिस्टोफर ट्रिकी हे देवळाचा जमाखर्च स्वहस्तें लिहून ठेवीत. म्हणूनच आज हें गांव इतिहासास ठाऊक आहे.

देवळाच्या मालकीचीं मेंढरें गांवकरी घरोघरीं पाळीत. त्यांच्या लोंकरीच्या पैशांतून मूर्तींपुढील दिवे तेवत. तरुणांचा निधि निराळा, कुमारिकांचा निराळा. एक्सिटरची रक्तसाक्षी संत सिडवेल हिची मूर्ति फादरांनीं स्वखर्चानें बसविली. मृतांच्या मिस्सेकरितां काळीं वस्त्रें असावींत म्हणून त्यांनीं जवळ जवळ 20 वर्षें पैसे सांठविले. तीं वस्त्रें 1547 सालीं हातीं आलीं. आणि त्याच वर्षीं सहावा एडवर्ड गादीवर आला! लवकरच मूर्ति गेल्या, दिवे विझले, मृतांच्या मिस्साही बंद पडल्या.

1549 सालीं नव्या प्रार्थनापुस्तकाविरुद्ध पश्चिमेकडील प्रजा उठली, तेव्हां मोरबाथनें आपले 5 तरुण एक्सिटरजवळील छावणीकडे धाडिले. त्यांचा खर्चही वहींत नोंदला आहे. बंड मोडलें. पुढें 1553 सालीं मेरी राणी झाली, तेव्हां लोकांनीं घरांत जपून ठेविलेल्या पवित्र वस्तु परत आणून दिल्या. 1558 नंतर वारें पुन्हां फिरलें. फादरांनीं राजाज्ञेपुढें मान तुकविली. परंतु 1574 सालीं मरण येईपर्यंत आपला कळप सोडला नाहीं. त्यांस दोष देणें सोपें आहे. आम्हांस तें धाडस होत नाहीं.

आज तें देऊळ अँग्लिकन पंथाकडे आहे. परंतु त्याच इंग्लंडांत 1549च्या सुमारास जन्मलेले फादर थॉमस स्टीफन्स 1579 सालीं गोव्यास आले, व 1616 सालीं छापलेल्या ख्रिस्तपुराणानें त्यांनीं आपली मराठी भाषा धन्य केली. तिकडे दीप विझत असतां इकडे ज्योत लागली!

आपल्या पूर्वजांनींही मूठमूठ भात व पैपैसा देऊन हें मंदिर उभारिलें. देवळाच्या जुन्या वह्या आपण जपून ठेवाव्या. त्यांत केवळ आंकडे नाहींत, श्रद्धा आहे.